द्रेस म्हणजे फक्त पेन्शन नव्हे

नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान विलम द्रेस आजही लोकांच्या मनात आहेत ते केवळ म्हातारपणाच्या पेन्शनमुळे, असं म्हटलं जातं. बरंचसं पटतं. १९४७ च्या तातडीच्या कायद्याने गरीब वृद्धांच्या हाती पहिल्यांदा हक्काचा पैसा आला, तेव्हा ते समाजकल्याण मंत्री होते. १९५७ पासून ती सोय सर्वांसाठी झाली, तेव्हा पंतप्रधान. १९८८ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी गेले, आणि २००४ च्या 'सर्वश्रेष्ठ डच' या टीव्हीवरच्या मतदानात तिसरे आले!

पण द्रेस यांच्याबद्दलच्या चर्चेत इंडोनेशिया, म्हणजे तेव्हा स्वातंत्र्यासाठी लढणारी डच वसाहत, कुठेच नाही, हे मला खटकतं. १९ डिसेंबर १९४८ ला डच फौजांनी इंडोनेशियन प्रजासत्ताकाची तेव्हाची राजधानी योग्यकर्ता घेतली, तिथले नेते सुकार्नो आणि हात्ता यांना पकडलं, तेव्हा सरकार द्रेस यांचंच होतं. त्याविरुद्ध नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली. वर्ष संपता संपता, २७ डिसेंबरला, डचांना इंडोनेशियातली सत्ता सोडावीच लागली. त्या युद्धातल्या टोकाच्या हिंसेबद्दल डच पंतप्रधानांनी माफी मागितली ती थेट २०२२ मध्ये. पेन्शन देणारे सज्जन आजोबा एवढंच चित्र रंगवलं, तर इंडोनेशियातल्या माणसांवर अन्याय होतो.