शेल विहिरींच्या जलाधारित मडमध्ये नॅनोकण वापरावेत का?

धागाकर्ता: शेल या चिकणमातीच्या थरदार खडकातून जाणाऱ्या तेल-वायू विहिरींसाठी तेलाधारित मडलाच (खोदताना विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या द्रवाला) पहिली पसंती मिळते, परंतु तेल लागलेल्या कटिंग्जची (खोदताना निघणाऱ्या खडकाच्या तुकड्यांची) विल्हेवाट लावणे अवघड असते. ईशान्य अटलांटिकमध्ये तर ओस्पार या सागरी पर्यावरण कराराच्या नियमांनुसार वजनाने 1 टक्क्याहून अधिक तेल असलेले कटिंग्ज समुद्रात सोडता येत नाहीत. म्हणून नॅनोकण घातलेल्या जलाधारित मडला प्रत्यक्ष विहिरीत संधी द्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

शेलमधील छिद्रांची मुखे साधारणतः 5 ते 50 नॅनोमीटर रुंद असतात, तर मड जड करणाऱ्या बॅराइट खनिजाचे कण मायक्रोमीटरमध्ये (1 मायक्रोमीटर म्हणजे 1000 नॅनोमीटर) मोजले जातात. वालुकाश्मावर जसा फिल्टर केक (मडमधील कणांचा पातळ थर) बसतो तसा तो शेलवर बसत नाही. मडचा दाब हळूहळू भिंतीमागच्या छिद्रांत उतरतो, भिंतीचा आधार कमी होतो आणि कित्येकदा ड्रिलिंग पुढे सरकल्यावर भिंत ढासळते. सुमारे 20 नॅनोमीटरचे सिलिका कण ही मुखे बुजवू शकतात. पोटॅशियम क्लोराइड चिकणमातीचे फुगणे आवरते, परंतु दाबाचा हा शिरकाव ते फारसे रोखत नाही. नेमकी ही उणीव नॅनोकण भरून काढतात.

असहमत वाचक: आपले विवेचन अखंड शेलपुरते योग्य आहे. मात्र शेल वायूसाठी ज्या कठीण, ठिसूळ थरांत आडव्या विहिरी खोदल्या जातात, त्यांत फुगणारी स्मेक्टाइट माती बहुधा अल्प असते आणि भिंत ढासळते ती थरांच्या कमकुवत पातळ्यांवरून व सूक्ष्म भेगांवरून. काही मायक्रोमीटर रुंदीच्या भेगेत 20 नॅनोमीटरचा कण अडत नाही, तो द्रवाबरोबर आत निघून जातो. तेथे मडची घनता आणि भेगेच्या मापाचे कण हेच उपयोगी पडतात.

मड प्रयोगशाळेतून: मला खरी चिंता चाचण्यांची वाटते. नॅनोकणांमुळे फिल्ट्रेट (मडमधून गाळून निघणारे पाणी) घटल्याचे दावे बहुधा 100 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाखाली 30 मिनिटे चालणाऱ्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) चाचणीवर आधारलेले असतात. त्या चाचणीतील फिल्टर कागदाची छिद्रे मायक्रोमीटरच्या मापाची असतात, म्हणजे शेलच्या छिद्रांहून किमान कित्येक दहापट मोठी. त्यामुळे कागदावरील यशावरून शेलविषयी काहीही सिद्ध होत नाही. शेलच्या नमुन्याच्या एका बाजूस मडचा दाब देऊन दुसऱ्या बाजूस तो किती वेगाने पोहोचतो हे मोजले, तरच दावा तपासला जातो. अशा चाचणीत नॅनोसिलिकाने काही शेलची पारगम्यता (द्रव आत जाऊ देण्याची क्षमता) स्पष्टपणे घटवलेली आहे, हेही नमूद करायला हवे.

धागाकर्ता: चाचणीविषयीचा आक्षेप पूर्णपणे मान्य. भेगांबाबत म्हणाल, तर नॅनोकणांनी एकट्याने सर्व काम करावे असे माझे म्हणणे नाही. मोठे कण भेगेत अडतील, त्यांच्यामधल्या फटी लहान कण भरतील आणि उरलेली छिद्रे नॅनोकण बुजवतील, अशी श्रेणीबद्ध रचना हवी. मोठ्या कणांचा पूल झिरपताच राहिला, तर भेगेच्या टोकाकडे दाब पोहोचतोच.

असहमत वाचक: रचना कागदावर पटते, पण मडमध्ये ते कण सुटे राहायला हवेत ना? सिलिका कण ऋण विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. आपण सुचवलेल्या पोटॅशियम क्लोराइडसारख्या क्षारांनी तो भार झाकला जातो आणि कणांचे गोळे बनतात. 20 नॅनोमीटरचा कण विकत घ्यायचा आणि विहिरीत अर्ध्या मायक्रोमीटरचा गोळा पाठवायचा, हा सौदा मला मान्य नाही. शिवाय मडमधून कटिंग्ज गाळणाऱ्या शेकरच्या जाळीतून हे कण सहज निसटत असले, तरी खोदलेल्या मातीला चिकटून ते कटिंग्जबरोबर बाहेर जातात, आणि मडमध्ये किती उरले हे रिगवर मोजण्याची सोपी सोय नाही.

मड प्रयोगशाळेतून: गोळे होण्यावर पृष्ठभाग-प्रक्रिया केलेले कण हा उपाय आहे, त्याने खर्च वाढतो, तरीही क्षारयुक्त मडमध्ये त्याला पर्याय दिसत नाही. मात्र मोजणीविषयीचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. मड इंजिनिअरला घनता, श्यानता आणि पीएच दिवसातून अनेकदा तपासता येतात. नॅनोकणांचे प्रमाण तपासता येत नसेल, तर ते पुन्हा कधी आणि किती घालावेत हे तो कशावरून ठरवणार?

धागाकर्ता: म्हणूनच पहिली चाचणी उभ्या विहिरीच्या एका लहान, स्मेक्टाइटयुक्त टप्प्यात घ्यावी, जेथे भेगा कमी आणि छिद्रांतून दाब शिरण्याचा धोका अधिक असतो. मडचे नमुने ठरावीक अंतराने प्रयोगशाळेत पाठवावेत आणि कॅलिपर लॉगवरून (विहिरीच्या व्यासाच्या नोंदीवरून) विहीर किती रुंदावली ते शेजारच्या विहिरीशी ताडून पाहावे. आडव्या विहिरीचा विचार मी त्यानंतरच करीन.