मराठी ब्लॉगवाल्यांनी शोधात सापडण्यासाठी मथळे बदलावेत का?

पोळपाट

नमस्कार मंडळी. २०१६ पासून मी स्वयंपाकावर मराठीत लिहिते. जाहिराती नाहीत, होस्टिंगचं बिल घरखर्चातून जातं. एसईओ, म्हणजे शोधात आपलं पान वर यावं म्हणून करायची खटपट, हा शब्द आला की मी पान उलटायचे. या उन्हाळ्यात भाचीने गूगलचं सर्च कन्सोल जोडून दिलं. ते उघडून बसले आणि माझं मत बदललं. त्याबद्दल बोलायचंय.

थालीपिठाच्या भाजणीवर माझा एक लेख आहे. धान्यं वेगवेगळी का भाजायची, धणे शेवटी का टाकायचे, गिरणीत आपल्याआधी कुणाचं तिखट दळून गेलं नाही ना हे का विचारायचं, सगळं त्यात आहे. मथळा होता 'खमंग आठवणींचा डबा'. महिन्याला दहाबारा जण वाचायचे, त्यातले निम्मे नातेवाईक.

लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत येतात ते सर्च कन्सोलमध्ये दिसतं. 'भाजणी प्रमाण'. 'थालीपीठ भाजणी १ किलो'. 'थालिपीठ' ऱ्हस्व, 'थालीपीठ' दीर्घ, आणि तेच रोमन अक्षरांत पाच तऱ्हेच्या स्पेलिंगांनी. माझ्या मथळ्यात भाजणी हा शब्द नव्हता. पहिल्या परिच्छेदातही नव्हता. तिथे आजीच्या माजघराचं वर्णन होतं. प्रमाण होतं पार खाली.

मी मथळा केला 'थालीपिठाची भाजणी: एक किलोचं प्रमाण आणि भाजायची पद्धत'. प्रमाण वर आणलं, माजघर त्याच्या खाली ठेवलं. बाकी एक ओळ हलवली नाही. पूर्वी महिन्याला यायचे तेवढे लोक आता रोज येतात. परवा सासरी नवीन गेलेल्या एका मुलीने लिहिलं की वाट्यांचं माप तिला पहिल्यांदाच नीट कळलं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. भाजणी म्हणून लोक तीन वेगळ्या वस्तू शोधतात: थालीपिठाची, चकलीची आणि उपवासाची. मी तिन्ही एका लेखात कोंबल्या होत्या. चकलीसाठी आलेल्या बाईला आधी बाजरी-ज्वारी वाचावी लागायची. आता तीन लेख आहेत.

माझं म्हणणं एवढंच: वस्तूला लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव मथळ्यात घाला, जे शोधायला माणूस आलाय ते वर ठेवा. छोट्या मराठी ब्लॉगला एवढा एसईओ हवाच. पटतंय का?

सह्यवाट

ताई, तुमचा 'डबा' गेला याचं मला मनापासून वाईट वाटलं. मला हे पटत नाही.

मी किल्ल्यांवर लिहितो. कुठल्याही किल्ल्याचं नाव मराठीत शोधून बघा. 'अमुक किल्ला माहिती मराठी: इतिहास, पाहण्यासारखी ठिकाणे, कसे जावे'. पहिले दहा निकाल एकाच साच्यातले. कुणी रात्र काढलीय गडावर आणि कुणी घरात बसून चार पानं जोडलीत, हे मथळ्यावरून ओळखू येत नाही. मथळा हे लेखाचं पहिलं वाक्य असतं. ते आपण दुसऱ्याच्या मापाने शिवलं की पुढचं कापडही त्याच मापाने कापलं जातं. आज मथळा, उद्या पहिला परिच्छेद, परवा 'साल्हेर किल्ला' हे दोन शब्द प्रत्येक तिसऱ्या ओळीत.

आणि हे नियम टिकतात किती? पूर्वी पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या एका टॅगमध्ये, कीवर्डची म्हणजे शोधशब्दांची यादी भरायचे. २००९ मध्ये गूगलने जाहीर सांगितलं की वेब शोधाचा क्रम ठरवताना तो टॅग आम्ही बघत नाही. मग लेखांचा रतीब आला, गूगलच्या २०११ च्या 'पांडा' नावाच्या बदलाने तो झोडपला. मग विकतच्या लिंका, २०१२ च्या 'पेंग्विन' बदलाने त्या पकडल्या. सप्टेंबर २०२३ च्या बदलानंतर तर जगभरच्या अनेक छोट्या स्वतंत्र साइट्सची वाचकसंख्या कोसळली, आणि त्यातल्या कित्येकांनी सांगितलेलं सगळं इमानेइतबारे केलं होतं. नियम बदलले, पण त्या नियमांसाठी वाकडं केलेलं लिखाण तसंच राहिलं.

माझे वाचक थोडे आहेत. गडावरून उतरल्यावर फोन करतात. मला ते पुरतात.

नाशिकचा_वेबवाला

मी याच धंद्यात आहे, अकरा वर्षं. दोघांशीही थोडा सहमत, थोडा नाही.

दादा, पानावर दिसणारा मथळा आणि शोधात दिसणारा मथळा वेगळे ठेवता येतात. ब्लॉग चालवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या कुठल्याही एसईओ प्लगइनमध्ये, म्हणजे वरून जोडायच्या प्रोग्राममध्ये, त्याला स्वतंत्र रकाना आहे. पानावर 'खमंग आठवणींचा डबा' ठेवा आणि त्या रकान्यात 'थालीपिठाची भाजणी, एक किलोचं प्रमाण' लिहा. खात्री मात्र देता येत नाही. २०२१ पासून गूगल कधीकधी रकान्यातला सोडून पानावरचा मोठा मथळा उचलतं. तरी बहुतेक वेळा जमतं.

शब्द मोजून पेरायची गरज नाही. किती शब्दांचा लेख हवा याला आकडा नाही, हे गूगलच्याच मार्गदर्शिकेत आहे. 'दोन हजार शब्द हवेतच' असं सांगणारा माणूस तुमच्याकडून शब्दांचे पैसे घेणार असतो.

आता एक मराठीचीच अडचण सांगतो, जी इंग्रजी एसईओच्या व्हिडिओंत कधी येत नाही. वर्डप्रेस मथळ्यावरून पानाचा पत्ता बनवतं आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक काना-वेलांटी तिथे नऊ चिन्हं खाते. म्हणजे बावीस झाली की जागा संपली. 'थालीपिठाची भाजणी कशी करावी' हा मथळा टाकून बघा. मी मोजलंय: पत्ता 'करा' पाशी तुटतो, 'वी' बाहेर राहतो. शोधाला त्याने फरक पडत नाही, पण हा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची चार ओळींची माळ दिसते आणि आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना तो व्हायरस वाटतो. ते उघडतच नाहीत. मी दोनतीन शब्दांचा छोटा पत्ता हाताने लिहितो, बहुधा रोमनमध्ये.

पोळपाट

सर, पत्ता मध्येच तुटतो हे अगदी खरं. माझ्या एका पानाचा पत्ता तसाच आहे, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलंय. आता बदलला तर जुन्या लिंका मरतील का?

नाशिकचा_वेबवाला

३०१ रिडायरेक्ट लावला तर नाही. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर जातो आणि शोधयंत्रालाही कळतं की पान कायमचं हललंय. पण जो लेख चालतोय त्याचा पत्ता केवळ सुंदर दिसावा म्हणून हलवू नका. पुढच्या लेखांपासून सुरू करा.

कर्दे_किनारा

दापोलीजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. माझा अनुभव वेगळा आहे.

एका एजन्सीचा फोन आला. तीस दिवसांत पहिल्या पानावर, गॅरंटी. आम्ही वर्षाचे पैसे एकदम भरले. दर महिन्याला रंगीत तक्ता यायचा: एवढ्या बॅकलिंका, म्हणजे दुसऱ्या साइट्सवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका, तयार केल्या. मुलाने एक दिवस त्या उघडून बघितल्या. परदेशातल्या जुगाराच्या साइट्स, मध्येच आमचं नाव. माशाच्या कालवणाचा आणि त्यांचा काय संबंध? चौकशीचा एक फोन त्यातून आला नाही. विचारायला गेलो तर म्हणाले अजून सहा महिने थांबा.

नंतर वाचलं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच लिहून ठेवतं, आणि पैसे घेऊन क्रम वर करत नाही असंही. हे आधी माहीत असतं तर पावसाळ्यात कौलं बदलून झाली असती.

आमचं काम झालं ते नकाशावरच्या फुकटच्या नोंदीने. खरे फोटो टाकले, फोन नंबर बरोबर केला, पावसाळ्यात कधी बंद असतो ते लिहिलं, आणि पाहुण्यांना निघताना सांगायला लागलो की दोन ओळी लिहा. 'कर्दे होमस्टे' शोधणारा माणूस लेख वाचायला आलेला नसतो. त्याला अंतर, जेवण आणि फोन एवढंच हवं असतं. म्हणून मला वाटतं ब्लॉगवाले आणि आम्ही यांचा एसईओ एकच नाही. माझ्यासारख्याला कुणी ब्लॉग लिहायचा सल्ला देऊ नये.

नाशिकचा_वेबवाला

तुमच्या बाबतीत झालं ते फसवणूकच आहे. आमच्या धंद्यात ती आहे आणि आम्ही त्यावर पुरेसं बोलत नाही. माझ्याकडूनही चूक झालीय. बऱ्याच ग्राहकांच्या पानांखाली मी प्रश्नोत्तरांच्या चौकटी घालायला लावल्या, कारण शोधात त्या उलगडून दिसायच्या आणि जागा जास्त मिळायची. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती सोय सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइट्सपुरतीच ठेवली. वाचकाला नको असलेली ती प्रश्नोत्तरं पानांवर अजून लोंबतायत.

सह्यवाट

मी म्हणतो ते हेच.

तिसरी_बेंच

सह्यवाट दादा, मला तुमच्याशी भांडायचंय, पण आधी सांगते की मी तुमचं सगळं वाचते.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही सात जणी हरिश्चंद्रगडाला गेलो. पहिलाच मोठा ट्रेक. निघायच्या आधी रात्रभर मराठीत शोधलं. वर जे निकाल आले त्यांत पाचनई, खिरेश्वर आणि नळीची वाट या तीन वाटा एकाखाली एक, सारख्याच तोलाच्या असल्यासारख्या दिलेल्या. आम्ही खिरेश्वर निवडलं, कारण बस सोयीची होती. तोलार खिंडीनंतरचा रेलिंगचा कातळ पावसात कसा असतो, पुढे टेकड्या किती आणि धुक्यात वाट कशी चुकते, हे कुठेच नव्हतं. अंधार पडला. आमच्यातली एक जण कातळावर बसून रडत होती. मंदिरापाशी पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते.

तुमचा लेख मला तीन महिन्यांनी एका मैत्रिणीने पाठवला. त्यात सगळं आहे. पावसात नवख्यांनी पाचनईनेच या, नळीच्या वाटेला माहीतगाराशिवाय पाऊल टाकू नका, खिरेश्वरहून यायचं तर दुपारच्या आत खिंड गाठा. ती ओळ मी पाठ केलीय. आणि त्या लेखाचा मथळा आहे 'कड्यावरचा वारा'. पूर्ण लेखात हरिश्चंद्रगड हा शब्द एकदाच येतो, तोही शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तुम्ही सगळीकडे 'गड' म्हणता.

तुम्हाला तुमचे वाचक पुरतात. पण ज्यांना तुमची गरज आहे त्यांना तुम्ही सापडत नाही. त्यांना तो घरी बसून चार पानं जोडणारा सापडतो.

शब्दयोगी

मी शाळेत मराठी शिकवायचे, आता व्याकरणाची साइट चालवते. वर बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक धोका सांगावासा वाटतो.

पोळपाटताई म्हणतात तसं मी पहिल्या दिवसापासून केलं. 'शब्दयोगी अव्यय म्हणजे काय' हाच मथळा, पहिल्या दोन ओळींत स्वच्छ व्याख्या. आता ती व्याख्या शोधाच्या पानावरच वर चौकटीत दिसते. सर्च कन्सोलमध्ये 'दिसलं' हा आकडा चढत गेला आणि 'क्लिक' उतरत गेला. मूल व्याख्या उतरवून घेतं आणि जातं. खालची उदाहरणं, अपवाद, 'वर' हे कधी शब्दयोगी आणि कधी क्रियाविशेषण, जे मला शिकवायचं असतं, तिथपर्यंत कुणी येत नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतात इंग्रजी-हिंदीत एआयची तयार उत्तरंही वर येऊ लागलीत.

म्हणून ज्याचं सगळं सार दोन ओळींत मावतं त्याने ते वर काढून ठेवावं का, याचा विचार करा. भाजणीचं प्रमाण दोन ओळींत मावतं, ताई.

मी आता आठवड्याला एक ईमेल पाठवते. साडेसहाशे पत्ते जमलेत. ते मी जमवलेत आणि माझ्याकडेच आहेत.

पोळपाट

बाई, हे वाचून मी थांबले. खरंय, प्रमाण घेऊन निघून जाणारे असणारच. पण ज्या मुलीचं माप चुकतं तिला आधी माप मिळू दे. भाजताना धूर झाला की ती परत येईल, तेव्हा खालचं वाचेल. परत येणारे किती तेही आता बघेन. ईमेलचं मात्र मी उद्याच सुरू करते, कसं करायचं ते विचारीन तुम्हाला.

आणि दादा, माझा डबा गेलेला नाही. लेखाच्या पहिल्या ओळीत आहे.

सह्यवाट

तिसरी_बेंच, तुझं लिहिलेलं काल रात्री वाचलं आणि लगेच उत्तर देता आलं नाही. खिरेश्वरच्या वाटेवर पावसात माझाही एक मित्र घसरलाय. तो लेख मी त्यानंतरच लिहिला होता.

मथळ्याबद्दल माझं मत तेच आहे. 'कड्यावरचा वारा' मी बदलणार नाही. पण वाटांची माहिती त्या लेखातून वेगळी काढतो आणि तिचं स्वतंत्र पान करतो: 'हरिश्चंद्रगड: पाचनई, खिरेश्वर, नळीची वाट, पावसाळ्यात कुठली धरावी'. त्यात मी लेखक म्हणून नसेन, नुसती माहिती असेल. पाण्याच्या टाक्यांतलं कुठल्या महिन्यात पिण्याजोगं असतं तेही लिहितो. खालून 'कड्यावरचा वारा'ला लिंक देतो, ज्याला यायचं तो येईल.

अशी अकरा गडांची पानं करावी लागतील. साल्हेरपासून सुरू करतो, तिथे पाण्याची चूक महागात पडते. वेबवाले, पत्ता रोमनमध्ये लिहायला मन घेत नाही. नुसतं 'साल्हेर-वाटा' एवढं देवनागरीत ठेवलं तर बसेल का?

नाशिकचा_वेबवाला

बसेल. काना-मात्रा धरूनही अकराच होतात. बिनधास्त ठेवा.