उत्तर: मूळ प्रत की नंतरची आवृत्ती?

नॉर्दर्न सोल म्हणजे साठच्या दशकातल्या दुर्मीळ अमेरिकी सोल गाण्यांवर नाचण्याचं ब्रिटिश वेड. त्यात ‘मूळ रेकॉर्ड सोडून नंतर पुन्हा छापलेली आवृत्ती वाजवणारा तो डीजेच नव्हे’ असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. विगन कसिनो या इंग्लंडमधल्या नॉर्दर्न सोल क्लबात (१९७३ ते १९८१) रात्रभर नाचणाऱ्यांना रेकॉर्डवरचं लेबल थोडंच दिसत होतं? उलट डीजेच त्यावर कोरा कागद डकवून खोटं नाव सांगायचे, स्पर्धकाला रेकॉर्ड सापडू नये म्हणून! फ्रँक विल्सनचं १९६५चं ‘डू आय लव्ह यू’ हे गाणं असंच एडी फॉस्टरच्या नावावर खपवलं गेलं. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने ती सिंगल बाजारात आणलीच नाही; उरल्या मोजक्या प्रती. २००९मध्ये त्यातली एक पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली. ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावी. पण १९७९ साली ब्रिटनमध्ये निघालेली आवृत्तीही नाचायला पुरते, आणि सुई टेकवताना हात कापत नाहीत.