देवळाची किल्ली

आमच्या घरच्या ग्रुपवर रविवारी रात्री सुरू झालेली चर्चा सोमवारी रात्रीपर्यंत चालली. ताई इंग्लंडात नर्स आहे, काका नगर जिल्ह्यात गावी असतात, आत्या नाशिकला, आई आणि मी पुण्याला. आम्ही ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो. काकांच्या सांगण्यावरून सगळं एकत्र करून ठेवतोय.

ताई : सर्वांना सलाम. आज आमच्या गावच्या देवळात हार्वेस्टची, म्हणजे नव्या पिकाच्या उपकारस्तुतीची, उपासना झाली. पाच फोटो टाकतेय. इथे नेट मंद आहे, एकेक करून येतील.

ताई : पहिल्या फोटोत खांबांना गुंडाळलेली वेल आहे ना, ती हॉप्सची. बिअरला कडवटपणा आणते ती. हेरफर्डशायरमध्ये हिचे मळे आहेत आणि सप्टेंबरात तोडणी होते. वाळली की तिला उग्र, किंचित लसणासारखा वास येतो. आज सगळं देऊळ त्या वासाने भरलं होतं. खिडक्यांत सफरचंदं, भोपळे, जॅमच्या बाटल्या. वेदीपाशी गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा पाव.

आत्या : किती गोड सजवलंय गं! आमच्याकडे हार्वेस्टला उपासनेनंतर लिलाव असतो. तुमच्याकडे असतो का?

ताई : नाही आत्या. सामान फूड बँकेला जातं. पण आज मला आपल्या गावच्या लिलावाची फार आठवण आली. एकच भोपळा घेणारा परत दान करायचा आणि तो चार वेळा बोलीला लागायचा.

मोठे काका : पोरी, आपण हा सण मिशनच्या लोकांकडून घेतला. त्यांच्याकडे तो पूर्वापार असेल.

ताई : काका, मलाही तसंच वाटायचं. पण आज करतात तसा तो फार जुना नाही. कॉर्नवॉलमध्ये मॉर्वेनस्टो म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. तिथले पाद्री रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ च्या ऑक्टोबरात नव्या गव्हाचा पाव करून उपकारस्तुतीची उपासना घेतली, आणि तिथून ही पद्धत पुन्हा सगळीकडे पसरली. त्याआधी मध्ययुगात १ ऑगस्टला पहिल्या गव्हाचा पाव देवळात आणायचे, तो सण मधल्या काळात मागे पडला होता.

आई : जेवलीस का? फोटोत बारीक दिसतेस.

ताई : जेवले आई. देवळातच सूप आणि पाव होता. आता मुद्द्याचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. आमचे एक चर्चवॉर्डन ८४ वर्षांचे आहेत. एप्रिलच्या सभेत त्यांना जबाबदारी सोडायची आहे. आज भांडी विसळताना मला म्हणाले, तू उभी राहशील का? मी बुधवारी सांगते म्हटलंय. तुम्हा सगळ्यांना विचारल्याशिवाय मला ठरवायचं नाही.

मी : वॉर्डनला नक्की काय करावं लागतं?

ताई : प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका देवळाच्या हद्दीला, दोन वॉर्डन असतात, दरवर्षी निवडून येतात. पद मध्ययुगापासूनचं आहे. इमारत, छप्पर, पन्हाळी, चांदीची भांडी, हिशेब, आणि पाद्रीबाई नसताना उपासना होईल हे बघायचं. आमच्या पाद्रीबाईंकडे सात गावं आहेत. आमच्या वाट्याला महिन्याचे दोन रविवार येतात. आज आम्ही ३१ होतो. एरवी अकरा-बारा.

मी : ताई, मनापासून सांगतो, राग मानू नकोस. तुझ्या रात्रपाळ्या, घर, त्यात हे. अकरा माणसांसाठी आठशे वर्षांच्या इमारतीचं छप्पर तू का डोक्यावर घ्यायचं? आणि पहिल्या वर्षी त्या शहरातल्या देवळात सहा रविवार तुझ्याशी कुणी बोललं नव्हतं, तू फोनवर रडली होतीस, ते मी विसरलेलो नाही.

आई : तो बरोबर बोलतोय. तुझी पाठ आधीच दुखते.

ताई : आई, पाठीचं खरं आहे. आणि ते सहा रविवारही खरे आहेत, मीही विसरलेले नाही. पण हे गाव वेगळं निघालं. का ते सांगते, जरा मोठं होईल.

ताई : गेल्या जानेवारीत वॉर्डनकाका आजारी होते आणि महिनाभर किल्ली माझ्याकडे होती. वीतभर लांब, लोखंडी, खिशात मावत नाही. सकाळी ड्यूटीवरून परत येताना मी दार उघडायचे. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, बोलले की तोंडातून वाफ. वेदीवरच्या कापडावर कधी कधी काळ्या लेंड्या पडलेल्या दिसायच्या. मला आधी उंदीर वाटले. वॉर्डनकाकांनी फोनवर सांगितलं, चिमटीत दाबून बघ. दाबलं तर भुगा झाला आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकते कण दिसले. वटवाघळं! उंदराची लेंडी कडक राहते. इथे वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, हाकलता येत नाही. रोज ते कापड झटकायचं, कुणी येवो न येवो दार उघडं ठेवायचं, अंधार पडला की कुलूप लावायचं. एवढंच काम. त्या महिन्यात भेट देणाऱ्यांच्या वहीत चार लोकांनी लिहिलं. एकाने फक्त लिहिलं होतं, ‘दार उघडं होतं, आभार.’

आत्या : 🙏🙏

ताई : फेब्रुवारीच्या २ तारखेला मेणबत्त्यांचा सण, तेव्हा कबरींमधून पांढरी स्नोड्रॉप्स वर आलेली असतात. मग राखेचा बुधवार, आणि लेंटभर, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, फुलं बंद. ईस्टरच्या आदल्या दिवशी मात्र सगळं गाव ओंजळी भरून फुलं आणतं, कधी देवळात न येणारेसुद्धा, आणि आपापल्या माणसांच्या कबरींवर ठेवतं. इथून जवळच वेल्सच्या हद्दीत क्लायरो गाव आहे. तिथले तरुण पाद्री फ्रान्सिस किल्व्हर्ट यांनी १८७० च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी लोकांबरोबर कबरी फुलांनी सजवल्या होत्या, ते त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलंय. मी वाचलं तेव्हा आपली ईस्टरची पहाट आठवली. आजीच्या कबरीवर झेंडू, मेणबत्त्या, आणि अंधारात बाबांचा आवाज.

आई : बाबांचा आवाज अजून कानात आहे माझ्या.

मोठे काका : सगळ्यांच्याच आहे वहिनी.

आत्या : आणि तू मागे काठ्या घेऊन चाललेल्या पोरांचा फोटो टाकला होतास, तो कसला सण?

ताई : रोगेशन. ईस्टरनंतरचा पाचवा रविवार, बहुधा मेमध्ये येतो. पेरलेल्या पिकासाठी आणि पावसासाठी प्रार्थना. त्या दिवशी पॅरिशच्या शिवेवरून चालत जातात. नकाशे नव्हते तेव्हा शीव लक्षात ठेवायची हीच रीत होती. म्हातारे पुढे, पोरं मागे. प्रत्येक खुणेच्या दगडावर पोरं काठ्या आपटतात, म्हणजे ती जागा त्यांच्या जन्मभर ध्यानात राहते. आम्ही साडेसात मैल चाललो. ओढ्याजवळ एक दगड शेवाळाने झाकलेला होता, वॉर्डनकाकांनी गुडघ्यावर बसून नखांनी तो खरवडला आणि पोरांना दाखवला.

मोठे काका : आपल्याकडे मृगाच्या तोंडावरच येतो मग हा सण. शिवेवरचा दगड आपल्याकडेही असतो. फक्त त्याला शेंदूर असतो.

ताई : हो काका, आणि त्या दिवशी चालता चालता मला एक गोष्ट कळली, तीच मला सांगायची आहे. आपल्याकडे मंडळी म्हणजे माणसं. ज्याचा बाप्तिस्मा झाला, ज्याचं नाव वहीत आहे, तो मंडळीचा. इथे पॅरिश म्हणजे जमीन. शिवेच्या आत राहणारा प्रत्येक जण पॅरिशचा, विश्वास ठेवणारा असो की नसो. त्याला या देवळात लग्न करायचा हक्क आहे, आणि अंगणात जागा असेल तर तिथे मूठमाती मिळण्याचाही. वॉर्डनच्या निवडणुकीत गावच्या मतदार यादीतल्या कुणालाही मत देता येतं, कधीच देवळात न येणाऱ्यालाही. मी शिवेच्या आत राहते. भारतीय पासपोर्टवर राहते, तरी राष्ट्रकुलाची म्हणून मत देते. मग ते देऊळ माझंच नाही का?

मी : आणि त्यांना ते मान्य आहे?

ताई : सगळ्यांना असेल असं नाही म्हणत मी. पण विचारलं त्यांनी. आणि आपलं घराणं एसपीजीचं, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी झाली, तरी अँग्लिकन नातं तुटलं नाही. त्यामुळे नियमाचीही अडचण नाही.

(रविवारी रात्री इथवर झालं. काका सोमवारी दुपारपर्यंत काही बोलले नाहीत.)

मोठे काका : पोरी, रात्रभर तुझाच विचार करत होतो. हळूहळू टाइप करतो, मध्ये कुणी बोलू नका.

मोठे काका : तू म्हणतेस एका पाद्रीबाईकडे सात गावं. तुझ्या पणजोबांच्या वेळी इथे हेच होतं. पाद्रीसाहेब महिन्या-दोन महिन्यांनी टांग्यातून यायचे, पुढे सायकल आली. प्रभुभोजन तेव्हाच. बाकी सगळे रविवार मास्तरचे. मास्तर म्हणजे तुझे पणजोबा. शाळा तीच, देऊळही तेच, पत्र्याचं. घंटा नव्हती. कडुनिंबाला रुळाचा तुकडा तारेने टांगलेला, त्यावर खिळा मारायचा. तो आवाज पार ओढ्यापलीकडे ऐकू जायचा. मराठी प्रार्थनापुस्तकातली सकाळची प्रार्थना मास्तर वाचायचे, पेरणीच्या दिवसांत चारच म्हाताऱ्या समोर असल्या तरी वाचायचे. म्हणून अकरा माणसं ऐकून मला काही वाटलं नाही. मंडळी अशीच टिकलेली आहे.

मोठे काका : दुसरी गोष्ट. तू शिवेचं लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. आपलं देऊळ शिवेच्या आत होतं, पण गावात नव्हतं. आपला वाडा गावकुसाबाहेर, म्हणून देऊळही बाहेर. विहीर वेगळी, स्मशान वेगळं. रुळाचा आवाज गावात जायचा, गाव इकडे येत नव्हतं. आणि तुझ्या गावचं देऊळ भर मधोमध, आणि त्याच्या नियमात लिहिलेलं की शिवेच्या आतला प्रत्येक माणूस आपला. तिथली किल्ली तुला देतायत. मास्तरांच्या पणतीला. माझं मत विचारशील तर हो म्हण.

ताई : काका, मी वॉर्डमध्ये आहे. डोळे भरून आले. घरी जाऊन लिहिते.

आई : भाऊजी, तुम्ही हे कधी असं सांगितलं नव्हतं.

मोठे काका : कुणी विचारलं नव्हतं वहिनी.

मी : काका, माझा कालचा मेसेज मी मागे घेतो. ताई, पण एक काळजी राहतेच. उद्या ते देऊळ बंदच करायचं ठरलं तर? तू वर्षं घालवशील आणि हाती काही उरणार नाही.

ताई : घरी पोचले. तुझी काळजी खरी आहे. पूर्वी प्रत्येक पॅरिशच्या देवळात दर रविवारी उपासना झालीच पाहिजे असा १६०३ पासूनचा नियम होता, तो २०१९ मध्ये सिनडने, म्हणजे इथल्या चर्चच्या सर्वोच्च सभेने, सैल केला. काही गावांनी आता ‘फेस्टिव्हल चर्च’ व्हायचं ठरवलंय, म्हणजे मोठे सण, लग्नं, अंत्यविधी एवढंच. आमच्याकडेही तो विषय निघालाय. मला ते पूर्ण चूक वाटत नाही, पाद्रीबाई सात गावांना किती पळणार? पण नाताळच्या मध्यरात्री इथे उभं राहायला जागा नसते. नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांची नावं वाचतात, तेव्हा शेजारचा शेतकरी, जो एरवी पाऊल टाकत नाही, आपल्या पणजोबांच्या भावाचं नाव येईपर्यंत टोपी हातात धरून दाराशी उभा असतो. त्यासाठी कुणीतरी आदल्या दिवशी दार उघडून पानं झाडलेली असावी लागतात.

आत्या : आणि रोजची उपासना कोण घेणार, पाद्रीबाई नसताना?

ताई : सकाळची प्रार्थना कुणीही वाचू शकतं आत्या. दीक्षा लागत नाही. मास्तर वाचायचे तशीच.

आई : मग एक अट माझी. शिडीवर चढायचं नाही. पन्हाळी साफ करायला माणूस लावायचा.

ताई : कबूल. 😊 बुधवारी हो सांगते त्यांना.

मोठे काका : तो रुळाचा तुकडा अजून आहे आपल्याकडे, कोठीच्या मागे. गंजलाय, पण वाजतो. आत्ताच बाहेर काढला. व्हिडिओ पाठवतो, ऐक.

ताई : ऐकला. दोनदा.

आई : थंडी सुरू होईल आता तिकडे. कुलपात खोबरेल घालू नकोस, गोठतं ते. मशीनचं तेल घाल.