मदत हवी आहे : कोर्स सुरू असतानाच शिकणाऱ्यांची खरी मतं कशी मिळवावीत?

दादरहून जीएसटी आणि टॅलीचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेते. ३८ जण आहेत, बहुतेक नोकरी करणारे. रेकॉर्डिंग लोकलमध्ये, मोबाइलवरच बघतात.

मागच्या बॅचला शेवटी फॉर्म दिला, तर सगळीकडे पाचपैकी पाच आणि "मॅडम, छान शिकवता". पण इनपुट टॅक्स क्रेडिटच्या चाचणीत निम्म्यांची उत्तरं चुकलेली! प्रशिक्षण कितपत उपयोगी पडलं हे मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्यांमध्ये 'आवडलं का' आणि 'शिकले का' वेगळ्या का धरल्यात, ते तेव्हा नीट कळलं. नंतर एका ताईंनी फोनवर सांगितलं, "व्हाउचरची एंट्री दिसतच नाही हो, अक्षरं मुंगीएवढी." हे फॉर्ममध्ये कुणीच लिहिलं नव्हतं.

या वेळी तिसऱ्या आठवड्यात निनावी फॉर्म दिला, ईमेल घेणंही बंद ठेवलं. १२ उत्तरं आली. 'कोर्स कसा वाटला?' ऐवजी 'कुठे अडलात?' विचारल्यावर कामाचं कळलं, पण तेही परस्परविरोधी : चौघांना वेग कमी हवाय, तिघांना जास्त.

पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर परवडणार नाही. बऱ्याच जणांना मराठी टायपिंग जमत नाही, व्हॉइस मेसेज चालेल. अभ्यासक्रम बदलता येणार नाही. क्रम, उदाहरणं, व्हिडिओची लांबी बदलू शकते.

ज्यांनी असे कोर्स घेतलेत त्यांना विचारते : न बोलणाऱ्या २६ जणांकडून अडचणी कशा काढून घ्यायच्या? आणि मतं अशी उलटसुलट असली, तर चालू बॅचमध्ये काय बदलायचं आणि काय पुढच्या बॅचसाठी ठेवायचं, हे तुम्ही कशावरून ठरवता?