सव्वादोन वर्षांच्या मुलाला कोविडची लस द्यावी का? डॉक्टर म्हणतात "तुम्हीच ठरवा"

झोपमोड:
मंडळी, मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा आहे. त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर सगळीकडे तारखा आणि शिक्के आहेत, एकच ओळ कोरी आहे. कोविडची. गेल्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "द्यायची तर द्या, नाही दिली तरी मी आग्रह करणार नाही. तुम्हीच ठरवा." तेव्हापासून मी ठरवतेच आहे.

आधीच्या एकाही लशीला एवढा विचार केला नव्हता. गोवर, पोलिओ, धनुर्वात... तारीख आली की उचलायचं आणि न्यायचं. कुणी विचारलंच नाही, आणि खरं सांगू का, तेच बरं होतं. आता विचारलंय तर रात्री दोन वाजता फोन घेऊन बसते.

त्याचं असं आहे की साध्या सर्दीतही त्याला धाप लागते. वर्षभरात दोनदा नेब्युलायझर झाला, एकदा एक रात्र ऑक्सिजन लावावा लागला. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता. मोबाईलच्या उजेडात मी श्वास मोजले, मिनिटाला ५२. तेव्हा कोविडची चाचणी निगेटिव्ह आली, दुसराच कुठला तरी विषाणू होता. कोविड त्याला कधी होऊन गेला असेल तर आम्हाला कळलेला नाही.

नवऱ्याचा विरोध आहे. त्याची स्वतःची छाती दुसऱ्या डोसनंतर दोन दिवस धडधडत होती. लशीनं हृदयाला सूज येते, एवढ्याशा जिवाला कशाला, असं त्याचं म्हणणं.

आणि घरात माझे बाबा आहेत. किडनी बदललेली, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज चालू. नातू दुपारी त्यांच्याच पोटावर झोपतो. बाबांसाठी तरी द्यावी असं वाटतं, आणि मग मोठ्या माणसासाठी पोराला टोचायचं का, असंही वाटतं.

ज्यांनी दिली किंवा नाही दिली, त्यांनी कसं ठरवलं ते सांगा. फॉरवर्ड कृपया नकोत.

गाठोडं:
आम्ही नाही दिली. पोरं ६ आणि ९ वर्षांची, दोघंही धडधाकट, दोघांनाही कोविड होऊन गेला. धाकट्याला दोन दिवस ताप, थोरल्याला तोही नाही. शाळा बुडाली याचाच आनंद जास्त.

मी लसविरोधी नाही, आधीच सांगतो, कारण लगेच तो शिक्का बसतो. बाकीच्या सगळ्या लशी वेळच्या वेळी दिल्यात. पण जागतिक आरोग्य संघटनेनंच मार्च २०२३ मध्ये निरोगी मुलांना कोविड लशीच्या सर्वांत खालच्या प्राधान्यगटात टाकलं. गोवर, रोटाव्हायरस, न्यूमोकोकस या लशींचा मुलांना जेवढा फायदा होतो, त्यापुढे ही बरीच मागे पडते असंही म्हटलं. डेन्मार्कनं आधी ५ वर्षांपुढच्या मुलांना देऊ केली आणि २०२२ मध्ये निरोगी मुलांना सरसकट देणं थांबवलं. हे वाचून आम्ही विषय संपवला.

मात्र माझी पोरं कधी ऑक्सिजनवर गेली नाहीत. तुमच्या जागी असतो तर एवढ्या ठामपणे बोललो नसतो.

सत्यशोधक_७७:
एमआरएनए म्हणजे मुलाचा डीएनए कायमचा बदलणार. मग बसा रडत.

लसखोली:
नाही बदलत. एमआरएनए म्हणजे या लशीतला पेशीला दिलेला तात्पुरता निरोप. डीएनए असतो पेशीच्या केंद्रकात, तिथे तो शिरतच नाही आणि काही दिवसांत विरघळून जातो. ताईंनी फॉरवर्ड नको म्हटलंय ना? पुढे.

झोपमोड ताई, मी लहान मुलांच्या लसीकरण विभागात अकरा वर्षं नर्स आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे हे तेवढ्याच मापानं घ्या.

आधी तुमच्या मिस्टरांचं. ते म्हणतात ते खोटं नाही, पण वय दुसरं आहे. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा प्रकार दुर्मिळ, आणि दिसला तो मुख्यतः वयात आलेल्या मुलांमध्ये आणि तरुण पुरुषांमध्ये, बहुधा दुसऱ्या डोसनंतरच्या आठवड्यात. ५ ते ११ वयात तो खूपच कमी, आणि ५ वर्षांखालच्या मुलांवर लक्ष ठेवलं गेलं तेव्हा तसा धोक्याचा इशारा मिळाला नाही. शिवाय डोस तोच नसतो. फायझरचा मोठ्यांचा डोस ३० मायक्रोग्रॅम, ५ ते ११ चा १०, आणि त्याखाली ३. हे ३ इतकं सावधपणे ठरवलं होतं की चाचणीत २ ते ४ वर्षांच्या मुलांना दोन डोस पुरेच पडेनात! डोस मोठा करण्याऐवजी तिसरा जोडला. म्हणूनच या वयाला अमेरिकेत परवानगी मिळायला जून २०२२ उजाडला.

आता आजोबा. इथे थोडं कडू बोलते. ही लस संसर्ग पूर्ण थांबवत नाही, आणि जेवढा थांबवते तेवढाही काही महिन्यांत ओसरतो. आजाराचं गंभीर रूप टाळण्याचा फायदा त्यापेक्षा जास्त टिकतो, पण तो ज्याला टोचली त्याचा. म्हणजे नातवाच्या दंडावर आजोबांची ढाल बांधता येत नाही. त्यांचा स्वतःचा शेवटचा डोस कधी झाला? अशा गोळ्या चालू असलेल्यांना जास्तीचे डोस लागतात.

राहिला मुलगा. "निरोगी मूल" हा शब्द त्याला लागू होतो का, इथेच सगळं अडतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२५ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या सगळ्या बाळांना लस द्या असं सांगितलं, आणि त्यापुढच्या वयात मुख्यतः जोखमीच्या मुलांना, शिवाय ज्यांच्या पालकांना हवी आहे त्यांना. फुप्फुसाचे जुने दुखणे जोखमीत येते. तुमच्या मुलाची धाप त्यात मोडते का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. "द्यावी का" असं विचारलंत तर ते पुन्हा तुमच्याकडेच चेंडू टोलवतील.

सायंतारा:
माझ्या मुलीला दमा आहे, तिला तीन वर्षांची असताना दिली. पहिल्या डोसला रात्री १०१ ताप, किरकिर, दुसऱ्या दिवशी जेवण नाही. दुसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्याला टोचलेली जागा लाल झाली, एवढंच. नंतर तिला कोविड झालाच! पण पंपावर भागलं, दवाखाना लागला नाही. लस नसती तर काय झालं असतं हे मला कसं कळणार? कुणालाच कळत नाही, तेच या प्रकरणाचं दुखणं आहे.

झोपमोड:
सगळ्यांचे आभार. लसखोली, तुमचा तो प्रश्न मला लागला. बाबांची फाईल काढली. त्यांचा शेवटचा डोस दोन वर्षांपूर्वीचा निघाला. दोन वर्षं! मी पोराच्या एका ओळीवरून रात्र रात्र जागतेय आणि बाबांच्या गोळ्यांचा डबा रोज माझ्याच हातानं भरते. त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन केला, सोमवारी बोलावलंय.

मग मुलाच्या डॉक्टरांना तुम्ही म्हणालात तसंच विचारलं: हा जोखमीतला आहे का? ते जरा थांबले, जुने कागद चाळले. म्हणाले, "वर्षात तीन वेळा असं झालंय, तर मी याला जोखमीतला धरीन. मग माझं मत द्या असं आहे." एवढं आधी का नाही सांगितलं, असं विचारायचं ओठावर आलं होतं. नाही विचारलं.

नवऱ्याला ३ आणि ३० चा आकडा दाखवला. तो काही फार खूश नाही, पण गुरुवारी सोबत येतोय. मांडीवर घेऊन तो बसणार, कारण मी सुई बघू शकत नाही.

लसखोली, आधीच पॅरासिटामॉल पाजून न्यायचं का? माझी बहीण तसं करते.

लसखोली:
आधी नको. नंतर ताप आला, अंग दुखून किरकिर केली, तरच, वजनाप्रमाणे मोजून. सर्दीत धाप लागत असेल तर त्या दिवशी लस देऊ नका, तारीख पुढे ढकला. आणि कोविड होऊन गेलेल्या मुलाला डोस कमी लागतात असा नियम काही ठिकाणी आहे, तुमच्याकडे काय आहे ते तिथेच विचारून घ्या. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवतात, खेळणं घरून न्या.

गाठोडं:
बाबांचं सोमवारी काय झालं तेही लिहा.