मदत हवी आहे: स्वादुपिंडाचा कॅन्सर तीन आठवड्यांत यकृतात पोचतो का? मामींना काय सांगू?

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांना (वय ६१) स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ निघाली आहे. यकृतावरही डाग आहेत. पित्तनळीत स्टेंट टाकल्यावर कावीळ उतरली, आता फोल्फिरिनॉक्स ही अनेक औषधांची केमो चालू आहे. दर पंधरवड्याला केमोचा पंप लावूनच घरी येतात. डॉक्टर नीट बोलतात, तिथे तक्रार नाही.

अडलंय ते मामींपाशी. डोळे पिवळे झाले तेव्हा त्यांनी शेजारच्या गावातून काविळीची माळ आणि झाडपाल्याचं औषध आणलं होतं. त्यात तीन आठवडे गेले. "तेवढ्यात ते लिव्हरला गेलं, मीच घात केला," हे रोज चाललंय. मामा समोर बसून जेवतायत आणि ह्या पदर डोळ्याला लावून.

मी कॉमर्सवाला. पण शोधताना क्रिस्टीन याकोबुझिओ-डॉनह्यू या पॅथॉलॉजिस्ट बाईंचं काम सापडलं. हे काम केलं तेव्हा त्या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होत्या, पुढे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात गेल्या. रुग्णाची संमती आधीच घेतलेली असते. मृत्यूनंतर काही तासांत शवविच्छेदन करून मूळ गाठीचे आणि पसरलेल्या गाठींचे नमुने घेतात. (अशी संमती देणाऱ्या घरांपुढे हात जोडावेसे वाटले.) मग सातबाऱ्यावरच्या फेरफारांवरून वाटण्या कधी झाल्या ते काढावं, तसं जनुकांतले बदल ताडून कोणती पेशी कधी फुटून निघाली ते काढतात. ७ रुग्णांवरचा त्यांचा लेख २०१० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. पहिल्या बिघाडापासून कॅन्सरची मूळ पेशी तयार व्हायला किमान १० वर्षं, पसरण्याची ताकद यायला आणखी किमान ५, आणि तिथून मृत्यूपर्यंत सरासरी २.

हे मी बरोबर वाचलंय का? म्हणजे त्या तीन आठवड्यांनी यकृतावरचे डाग आणले नाहीत, असं मामींना छातीठोक सांगू शकतो? दुसरं, डॉक्टरांनी बीआरसीए (कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकांतला दोष शोधायची) तपासणी सुचवली आहे. खर्च आहे, पण करावी का?

प्रतिसाद – स्लाइडवाली

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मामांची डॉक्टर नव्हे, हे धरून वाचा.

वाचन बरोबर आहे. फक्त ती वर्षं प्रत्येकाला लावू नका. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'नेचर'मध्येच दाखवलं की बऱ्याच गाठींत गुणसूत्रांची मोडतोड टप्प्याटप्प्याने न होता एकदम होते, म्हणजे वेळ कमीही लागू शकतो. पण मामींचा प्रश्न त्याने बदलत नाही. सीटीवर दिसणाऱ्या डागात कोट्यवधी पेशी असतात, त्या तीन आठवड्यांत शून्यातून उगवत नाहीत. शिवाय स्वादुपिंडाचं रक्त थेट यकृताकडेच जातं, त्यामुळे पहिली वस्ती बहुतेक तिथेच. उशिराने कावीळ वाढली असेल, केमो थोडी लांबली असेल. एवढंच कबूल करा, उगाच गोड बोलू नका, बायकांना कळतं.

बीआरसीए जरूर करा. दोष जन्मजात निघाला आणि केमोने रोग आटोक्यात राहिला, तर पुढे ओलापॅरिबच्या गोळ्यांचा पर्याय उघडतो. आणि ही तपासणी एकट्या मामांची नाही. दोष सापडला तर त्यांची मुलं आणि बहीण, म्हणजे तुमच्या आई, यांनीही रक्त तपासून घ्यायचं.

बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) हॉस्पिटलकडून मागून घरी जपून ठेवा. इथे रिपोर्ट टाकलात तर नाव आणि नोंदणी क्रमांक आधी झाका.